उपटू नकोस, धरून ठेव

अगं,

तुझं पार्सल पोचलं. लोकरीचे मोजे इतके जाड आहेत की मिरजेच्या थंडीनं लाजावं. तरी तू विणलेस म्हणून काल रात्री पंखा लावून, पायांत मोजे घालून बसले होते. पाळणाघराचा फोटो फ्रिजवर लावलाय. त्यातलं ते लाल टोपीवालं कार्टं थेट लहानपणची तू आहेस. केस विस्कटलेले, तोंड उघडं आणि हातात कुठून तरी पैदा केलेली काठी. ग्लासगोच्या पावसातही पोरांना काठ्या बऱ्या सापडतात!

त्या काठीवरच माझी नजर अडकली. परवा फोनवर तुला सांगायला घेतलं होतं ते राहूनच गेलं. "एका छोट्या मुलीच्या डोळ्याजवळून पेन्सिल आत..." एवढंच मी म्हटलं आणि तू "बास, पुढचं नको," म्हणून रडायलाच लागलीस. मग रडता रडता विचारलंस, "पण जगली ना?" तर आधी तेच सांगते. जगली, आणि छान आहे. आता चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच. टुरिंग टॉकीजमध्ये मारामारी सुरू झाली की तू माझ्या खांद्यात तोंड खुपसायचीस, तसं या पत्राच्या बाबतीत करायचं नाही. दिवसभर एवढी पिल्लं तुझ्या ताब्यात असतात, तेव्हा तुला हे ठाऊक असायलाच हवं.

मुलगी तीन वर्षांची. नव्या पेन्सिलीवर भारी जीव. ती मुठीत धरून अंगणातून घरात धावत आली आणि उंबऱ्याला अडखळून पालथी पडली. पेन्सिल डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीतून आत शिरली, अर्धी बाहेर राहिली. आई किंचाळली. काका धावत आला आणि त्यानं पेन्सिल धरली, उपटण्यासाठी. तेवढ्यात आजीनं त्याच्या मनगटावर असा फटका मारला म्हणे, की हॉस्पिटलात येईपर्यंत तो हात चोळत होता! "हात लावू नगा कुणी," आजी म्हणाली. तिनं नातीला मांडीवर घेतलं, दोन्ही इवले हात आपल्या एका मुठीत धरले, दुसऱ्या हातानं डोकं छातीशी स्थिर केलं, आणि १०८ ची गाडी आल्यावर त्याच मांडीसकट गाडीत चढली. वाटेत पोरगी रडली, हिसडे दिले, आजीला चावलीसुद्धा. आजीनं पकड सोडली नाही.

मी नंतर तिला विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" तर तिच्या तरुणपणी त्यांच्या बैलाच्या मांडीत मोडका खुंट घुसला होता. गड्यानं घाईनं उपटला आणि रक्त काही केल्या थांबेना. बैल गेला. ती म्हणाली, "तवापासनं ठरवलं, घुसलेलं उपसायचं न्हाई." तुला सांगते, आम्ही पुस्तकं वाचून जे शिकलो ते त्या बाईनं गोठ्यात उभं राहून शिकून ठेवलं होतं, आणि वेळ आली तेव्हा तिला ते आठवलं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडलेही.

का उपटायचं नाही, ते नीट समजून घे. आत शिरलेली वस्तू एखादी रक्तवाहिनी फाडून तिथंच बसलेली असेल, तर बाटलीच्या बुचासारखं तिनंच ते भोक बंद करून ठेवलेलं असतं. घरात उपटलं तर कवटीच्या आत रक्त वाहू लागतं आणि बाहेर कुणाला दिसतही नाही. शिवाय ओढताना टोक मोडून आत राहू शकतं. वस्तू किती खोल गेली, कुठल्या दिशेनं गेली, याचा मागही पुसला जातो. तेव्हा ती बाहेर यायची ती ऑपरेशन थिएटरमध्येच, सर्जनच्या डोळ्यांसमोर. तोवर बाहेरचा भाग हलू नये म्हणून आजूबाजूला कापडाच्या जाड गुंडाळ्या ठेवायच्या, छोटी वस्तू असेल तर वर कागदी पेला पालथा घालायचा, डोळ्यावर दाब अजिबात द्यायचा नाही. आणि मुलाला खायला-प्यायला काही द्यायचं नाही. आपल्याकडे रडणाऱ्या पोराच्या तोंडात पहिल्यांदा बिस्किट जातं. माझ्यासारख्या भूल देणारीच्या दृष्टीनं ते बिस्किट फार महागात पडू शकतं, कारण भुलीत पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाण्याची भीती असते.

याहून फसवा प्रकार दुसरा. वस्तू आधीच निघालेली असते, पापणीवर राईएवढी जखम दिसते, घरचे हळद दाबतात, पोर पुन्हा खेळायला लागतं. मग काही दिवसांनी ताप, उलट्या, झटके, आणि स्कॅनमध्ये मेंदूत पू झालेला. म्हणून डोळ्याजवळ, नाकाजवळ किंवा टाळूला काही टोकदार लागलं तर जखमेच्या आकारावर जाऊ नकोस. डॉक्टरकडे ने, आणि लागलेली वस्तू बरोबर घेऊन जा. टोक शाबूत आहे की मोडलंय, हे त्यावरून कळतं.

माझी हाडांची पेटी आठवते का गं? पहिल्या वर्षी दिवाळीत घरी आणली होती. ती खोलीत आहे म्हटल्यावर तू ओसरीवर झोपलीस, आणि रात्रभर डासांना शिव्या घातल्यास! त्या पेटीतली कवटी मी तुला दाखवायला खिडकीशी धरली होती. डोळ्याच्या खोबणीच्या छतातून उजेड आरपार दिसायचा, इतकं ते हाड पातळ असतं. मोठ्या माणसाची ही गत, तर तीन वर्षांच्या बाळाचं काय? त्या छताच्या वर लगेच मेंदूचा पुढचा भाग. म्हणून साधी पेन्सिल, साध्या पडण्यानं, डोळ्याला धक्का न लावता मेंदूत पोचू शकते. बुबुळाचा गोळा मागच्या चरबीत सरकतो आणि पुष्कळदा वाचतो. हिचाही वाचला.

मुलगी आली तेव्हा चक्क जागी होती. रडत होती, आजीनं थोपटलं की शांत होत होती, दुसरा डोळा उघडून आमच्याकडे रागानं बघत होती. नव्या माणसाला हे पाहून धक्का बसतो. पण गोळी शिरताना आजूबाजूचा मेंदूही प्रचंड वेगानं फाकवते, तसं पेन्सिलीचं, खिळ्याचं, सुरीचं नसतं. या वस्तू हळू शिरतात, नुकसान बहुतेक वाटेपुरतं राहतं. मूल बोलतंय म्हणून धोका टळला असं मात्र समजायचं नाही.

शुद्ध मोजायला आम्ही गुण देतो, तीन ते पंधरा. डोळे उघडण्याचे जास्तीत जास्त चार, बोलण्याचे पाच, हालचालीचे सहा. आणि ही मोजपट्टी तुझ्या गावची गं! १९७४ मध्ये ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोघांनी ग्लासगोतच ती तयार केली. आज जगभरातल्या अपघात विभागांत तुझ्या गावाचं नाव रोज घेतलं जातं आणि तू मला तिथल्या बेकऱ्यांची नावं कळवतेस! लहान मुलांसाठी तिच्यात बदल केलेत, कारण आज महिना कोणता हे तीन वर्षांच्या पोराला विचारून काय उपयोग? हसतंय का, बडबडतंय का, रडणं समजूत घातल्यावर थांबतंय का, ते बघायचं. आमच्या बाईसाहेबांना चौदा गुण मिळाले.

मग सीटी स्कॅन. लाकूड सीटीत काळं दिसतं, हवेसारखंच, त्यामुळे नजर चुकू शकते. आपण जिला शिसं म्हणतो ती मधली कांडी मात्र पांढरी चमकत होती, आणि तिच्यावरून पेन्सिलीची अख्खी वाट दिसली. खोबणीचं छत फोडून मेंदूच्या पुढच्या भागात काही सेंटिमीटर. रक्तवाहिन्यांचा स्कॅनही केला, कोणती वाहिनी वाटेत आहे ते बघायला. वस्तू लोखंडाची असण्याची शंका असेल तर एमआरआय करायचा नाही, कारण तिथला चुंबक ती आतल्या आत ओढेल. आईला मात्र एकच धास्ती होती, शिसाचं विष अंगात भिनेल का? तिला सांगितलं, पेन्सिलीत शिसं नसतंच, ग्राफाइट आणि माती असते. खरा शत्रू लाकूड. त्याच्या छिद्रांत जंतू दडतात आणि तुकडा राहिला की तिथं पू होतो. म्हणून प्रतिजैविकं लगेच सुरू केली, धनुर्वाताच्या लशीची खात्री केली, झटके येऊ नयेत म्हणून औषध दिलं. लसीकरणाचं कार्ड आजीनं कमरेच्या पिशवीतून काढून दिलं. तिनं घरातून निघताना तेही घेतलं होतं, आहेस कुठं!

आता माझा भाग. मुलं मला फुगेवाली बाई म्हणतात, हे तुला माहीतच आहे. एरवी मी तोंडावर मास्क धरते, फुगा फुगवायला सांगते आणि पोर गोष्टीच्या मध्यातच झोपतं. इथं पेन्सिल मास्कच्या आड येत होती, आणि ती हलता कामा नये. मुलगी जोरात रडली, खोकली, तरी कवटीतला दाब वाढणार. म्हणून आजीच्या मांडीवरच, आजीच्या पदराखाली हात घेऊन, सलाईनची सुई लावली आणि शिरेतून झोपवलं. एकीनं फक्त पेन्सिल सांभाळायची, दुसरं काही करायचं नाही, असं ठरवूनच मी श्वासाची नळी घातली. तुला कल्पना यावी म्हणून सांगते, चौदा किलोच्या मुलीच्या अंगात सारं मिळून लिटरभर रक्त असतं. आपल्याला किरकोळ वाटेल तेवढा रक्तस्राव तिचा जीव घेऊ शकतो. म्हणून सुरी लागण्याआधी रक्ताची पिशवी थिएटरात हवी. एसीही बंद करवला, लहान अंग फार पटकन गार पडतं. सर्जन घामानं निथळत होते, पण एका शब्दानं कुरकुरले नाहीत.

सर्जननी कपाळावरचं हाड खिडकीसारखं उघडलं, मेंदू हळूच वर उचलला, आणि खालून डोकावणारं पेन्सिलीचं टोक दिसलं. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहेरून, ज्या दिशेनं ती शिरली होती बरोब्बर त्याच दिशेनं, मिलिमीटर मिलिमीटरनं ती मागे घेतली. सर्जन वरून बघत होते, रक्त आलंच तर तिथल्या तिथं थांबवायला. त्या वेळी थिएटरात कुणी बोलत नव्हतं, फक्त मॉनिटरची टिकटिक. मी आकडे बघत होते आणि मनात आजीच्या त्या मुठीची पकड होती. टोकासकट पेन्सिल निघाली. रंगाचे कपचे, लाकडाचे तंतू धुऊन काढले, मेलेला भाग तेवढाच उचलला. मग मेंदूचं फाटलेलं आवरण तिच्याच कवटीवरच्या पातळ पडद्याचा तुकडा लावून, पाणी झिरपणार नाही असं शिवलं. लहानग्यांत हे आवरण फाटकं राहिलं तर धडधडणारा आणि वाढणारा मेंदू हाडाची भेग महिनोन् महिने रुंदावत नेतो. शिवाय मेंदूतलं पाणी गळलं की जंतूंना वाट मिळते.

रात्री झोप येईना, म्हणून हार्वी कुशिंगबद्दल वाचत बसले. हा अमेरिकन सर्जन १९१७ मध्ये बेल्जियमच्या आघाडीजवळ तंबूतल्या इस्पितळांत डोक्याच्या जखमा शिवत होता. मऊ रबरी नळीनं मेलेल्या मेंदूचा चिखल शोषून घ्यायचा, लोखंडी तुकडे चुंबकानं ओढायचा, आवरण घट्ट मिटायचा. तीन महिन्यांत त्याच्या रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ५४ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आलं. पुढं सर्जन हाडाचा प्रत्येक कपचा शोधत मेंदूत खोल जाऊ लागले. मग १९८० च्या दशकात लेबनॉनच्या युद्धातल्या जखमींवरून कळलं, की सहज हाती न लागणारे खोल कपचे शोधत फिरण्यापेक्षा ते तसेच सोडलेले बरे. बघ, तिथंही शहाणपण हात आवरण्याचंच. पण हे सगळं ज्ञान तरण्या सैनिकांच्या डोक्यांतून आलेलं. लहान मुलांसाठी आहेत त्या एकेका मुलाच्या, फार तर काही मुलांच्या नोंदी. कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी डॉक्टरनं आपल्या छोट्या पेशंटची गोष्ट नीट लिहून ठेवली, तिच्या आधारावर आमची मुलगी वाचली. मला त्या अनोळखी माणसांविषयी फार माया दाटून आली. आमचीही नोंद आम्ही लिहितो आहोत.

बरं, आता हसण्याचा भाग. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा नवा रेसिडेंट तिला तपासायला गेला. सांगितलेलं ऐकते का, हे बघायचं होतं. "हात वर कर." नाही. "बोट धर." नाही. "जीभ दाखव." ढिम्म! बिचारा काळजीनं पांढरा पडला, मला बोलावून आणलं. आजी म्हणाली, "थांबा," आणि नातीला दरडावलं, "डॉक्टरला जीभ दावायची न्हाई हां, सांगून ठेवते!" बाईसाहेबांनी लगेच लांबच लांब जीभ काढून रेसिडेंटला वेडावून दाखवलं. हालचालीचे सहापैकी सहा! तुझी आठवण आली गं. "पेरूच्या झाडावर चढू नको" म्हटल्याशिवाय तू तरी कुठं चढायचीस?

तिचं पुढं सगळं नीट झालं, पण घाईनं नाही. प्रतिजैविकं कित्येक दिवस शिरेतून दिली. झटक्यांचं औषध आठवड्यानं थांबवलं. रक्तवाहिन्यांचा स्कॅन पुन्हा केला, कारण वाहिनीला ओरखडा गेला असेल तर तिथं फुगवटा काही दिवसांनी धरतो आणि अचानक फुटतो. पहिला स्कॅन चांगला आला म्हणून निर्धास्त होता येत नाही.

घरी जाताना आईनं विचारलं, "पूर्ण बरी झाली ना?" लोक सर्रास म्हणतात, लहान मुलांचा मेंदू सगळं भरून काढतो. ते अर्धंच खरं आहे. मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पिकत असतो. एका जागी बसणं, राग आवरणं, पुढचा विचार करणं ही त्याची कामं, आणि तीन वर्षांच्या पोराकडून ती कुणी मागतच नाही. मागणी शाळेत सुरू होते. उणीव असेल तर ती तेव्हा दिसते, आणि बाई म्हणतात, मुलगी हट्टी आहे, लक्ष देत नाही. म्हणून मी आईला सांगितलं, दरवर्षी दाखवायला यायचं, शाळेत घातल्यावर बाईंना हे सांगायचं, आणि अडचण आली तर तिला मारायचं नाही, आमच्याकडे आणायचं. मला हे तुझ्यापाशी ठासून सांगायचंय, कारण तुझ्यासारख्यांच्या नजरेला ते सगळ्यात आधी पडेल. ऑपरेशन काही तासांचं असतं, पण मुलाला पुढं वर्षानुवर्षं सांभाळायचं काम घरचे आणि शिकवणारेच करतात.

त्या दिवसापासून मला आपली सगळी लहानपणची घरं टोकदार दिसायला लागली आहेत. तुझी आई विळी कधी उभी ठेवू द्यायची नाही, काम झालं की आडवी करून पातं भिंतीकडे. आपल्याला वाटायचं, उगाच कटकट. आणि रामायण मालिका लागायची तेव्हाचे आपले खराट्याच्या काड्यांचे बाण! तू नेहमी राम, मी कायम कुंभकर्ण, म्हणजे नेम माझ्यावरच. कुणाच्या डोळ्याला लागलं नाही हे आपलं नशीब. तेव्हा तुझ्या राज्यात एवढं कर. बसून रंगवायचं, पेन्सिल हातात असताना पळायचं नाही. तोंडात ब्रश किंवा आइस्क्रीमची काडी घेऊन तर मुळीच नाही, कारण घशाच्या मागे बाजूला मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी असते. कात्र्या, सुया, स्क्रूड्रायव्हर हात पुरणार नाहीत तिथं. मुलांना कोंडून मात्र घालू नकोस, त्यांना धावू दे. धावताना हात रिकामे असले म्हणजे झालं.

आता तुला कामाला लावते. अंगणवाडी सेविकांच्या बैठकीत मला यावर बोलायचंय. शब्द माझ्याकडे आहेत, चित्र तूच काढायचंस. मांडीवर मूल, त्याचे दोन्ही हात आजीच्या मुठीत, जखमेवर पालथा पेला, शेजारी १०८ चा आकडा. खाली मोठ्या अक्षरांत: उपटू नका, धरून ठेवा, लगेच निघा. आजी नऊवारीत काढ आणि तिचा जबडा घट्ट मिटलेला दाखव, अगदी तसाच होता. तुझ्या पाळणाघरासाठीही एक प्रत कर, तिथली आजी स्कॉटिश असली तरी चालेल.

आईबापाची माया पहिल्यांदा हातांत उतरते, मुलाला टोचतंय ते आत्ताच्या आत्ता काढून टाकावंसं वाटतं. ते हात आवरायला दुप्पट माया लागते, आणि ती आधीच शिकून ठेवावी लागते. जेवढ्या जणींना शिकवता येईल तेवढ्या जणींना मी शिकवणार आहे, आणि तू माझ्याबरोबर आहेस हे मी गृहीतच धरलंय. चित्राचा कच्चा नमुना या महिन्यातच पाठव. रंग मागाहून भरू.

तुझीच,
फुगेवाली